स्वरसम्राट कुंदनलाल सैगल (१९०४–१९४७)



प्रार्थनालयाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत हजान, मुकादम आणि देणगीदार यांची आठवण आपण नेहमीच काढतो, आणि ते योग्यच आहे. पण हिंदुस्थान सोडताना आपल्या पेट्यांत सिद्दूर आणि भांडीकुंडी होती, तशाच काही घरांतून काळ्या तबकड्याही आल्या. त्यांपैकी पुष्कळ तबकड्यांवर एकच नाव होते, कुंदनलाल सैगल. त्यांना जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. तरीही लोद, रामले, अश्दोद, बेरशेबा, दिमोना अशा आपल्या गावांतून चार वयस्कर माणसे एकत्र बसली आणि जुन्या गाण्यांचा विषय निघाला, की हे नाव निघतेच. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

कुंदनलाल यांचा जन्म ११ एप्रिल १९०४ रोजी जम्मू येथे झाला. मूळ घराणे पंजाबातील जालंदरचे. वडील अमरचंद हे काश्मीर संस्थानात तहसीलदार होते. मुलाने शिकावे आणि नोकरीला लागावे, एवढीच त्यांची इच्छा. आई केसरबाई मात्र भजन-कीर्तनाची ओढ असलेली होती आणि कुंदनला बरोबर घेऊन जाई. आईजवळ बसून ऐकलेली भजने, शबद आणि लोकगीते हीच त्यांची पहिली शाळा. जम्मूच्या रामलीलेत लहानपणी त्यांनी सीतेची भूमिकाही केली. कोणा उस्तादाकडे गंडा बांधून ते कधी शिकले नाहीत.

वयात येताना आवाज फुटला तेव्हा मुलगा घाबरला. आपले गाणे गेले असे वाटून त्याने तोंड बंद करून घेतले. असे सांगतात की आईने त्याला सलमान युसुफ नावाच्या पिराकडे नेले. काही काळ गाऊ नकोस, मनातल्या मनात जप कर, असे त्या साधूने सांगितले. त्या मौनातून जो आवाज बाहेर आला तोच पुढे सगळ्या देशाने ऐकला. नुसता दम लावून ओरडणे त्या आवाजात कधीच नव्हते.

शिक्षण अर्धवट सुटले आणि पोटासाठी वणवण सुरू झाली. सैगल यांनी रेल्वेत टाइमकीपरची नोकरी केली. पुढे रेमिंग्टन कंपनीचे टाइपरायटर विकत ते गावोगाव फिरले. लाहोरला मेहरचंद जैन हे मित्र भेटले, त्यांनी गाण्याला धीर दिला. फिरतीवरच्या विक्रेत्याला रात्री दुसरे काय असते? जेथे मुक्काम तेथे मैफल. नोकरीसाठी घर सोडून भटकलेल्या माणसाचा एकटेपणा त्यांच्या गाण्यात ऐकू येतो, तो बहुधा याच दिवसांतला असावा. आपल्यापैकी ज्यांनी परक्या गावी पहिली वर्षे काढली त्यांना तो लगेच ओळखू येतो.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट लागला. तो आपल्याच समाजातील जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून घेतलेला होता, हे येथे अभिमानाने नमूद करतो. बोलपट आला आणि ज्याला गाता येते अशा नटाची गरज निर्माण झाली. कलकत्त्याला संगीतकार रायचंद बोराल यांनी सैगल यांचा आवाज हेरला आणि त्यांना बी. एन. सरकार यांच्या न्यू थिएटर्स या संस्थेत नेले. पगार ठरला महिना २०० रुपये. १९३२ साली ‘मोहब्बत के आँसू’, ‘सुबह का सितारा’ आणि ‘जिंदा लाश’ असे तीन चित्रपट आले. त्यांत त्यांनी सैगल काश्मिरी हे नाव घेतले होते. तीनही चालले नाहीत.

दैव उघडले ते १९३३ साली. ‘पूरन भगत’मध्ये त्यांनी चार भजने म्हटली आणि लोक ती ऐकण्यासाठी पुन्हा पुन्हा चित्रपटाला जाऊ लागले. त्याच वर्षी आला ‘यहूदी की लडकी’. आगा हश्र काश्मिरी यांच्या प्रसिद्ध नाटकावरून प्रेमांकुर अतर्थी यांनी तो दिग्दर्शित केला. रोमन सत्तेखाली यहुद्यांचा छळ होतो आहे, एक रोमन राजपुत्र यहुदी असल्याचे भासवून एका यहुदी मुलीवर प्रेम करतो, अशी ती कथा. राजपुत्र मार्कस झाले सैगल आणि हन्ना झाली रतनबाई. संगीत पंकज मल्लिक यांचे. त्यातच सैगल यांनी मिर्झा गालिबची गझल गाऊन दाखविली. जगात यहुद्यांविरुद्ध वणवा पेटू लागला होता ते हेच वर्ष. त्या वर्षी कलकत्त्याच्या एका स्टुडिओत यहुद्यांची बाजू मांडणारा चित्रपट तयार व्हावा आणि हिंदुस्थानच्या लोकांनी तो पाहावा, याची नोंद आपण ठेवली पाहिजे.

१९३४ साली ‘चंडीदास’ आला आणि १९३५ साली प्रमथेश बारुआ यांचा हिंदी ‘देवदास’. शरच्चंद्रांची ही कथा सर्वांना ठाऊक आहे. श्रीमंताचा मुलगा, बालपणीची पारो, घरच्यांपुढे न चाललेली जीभ आणि मग दारू. सैगल यांनी देवदास केला आणि त्यांचे नाव घरोघरी गेले. या चित्रपटाचे छायालेखन केले होते बिमल रॉय यांनी. पुढे स्वतः दिग्दर्शक झाल्यावर बिमल रॉय यांनी १९५५ साली ‘देवदास’ आणि १९५८ साली ‘यहूदी’ असे दोन्ही विषय दिलीपकुमारला घेऊन पुन्हा केले. आपल्यापैकी अनेकांनी पाहिला तो हा दुसरा ‘यहूदी’. पण त्याची मुळे सैगल यांच्या जमान्यात आहेत.

त्यांच्या गाण्यात एवढे काय होते? तोपर्यंत आपल्याकडे गाणे म्हणजे रंगभूमीचे गाणे. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांना शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज पोहोचवावा लागे. सैगल यांच्यासमोर मायक्रोफोन होता. त्याच्यापुढे ओरडायचे नसते, जवळच्या माणसाशी बोलावे तसे गायचे असते, हे त्यांनी फार लवकर ओळखले. शब्द स्वच्छ, तान थोडी, सूर खर्जाकडे झुकलेला. ऐकणाऱ्याला वाटे की हा माणूस माझ्या एकट्यासाठी गातो आहे. ‘जिंदगी’ (१९४०) मधील त्यांच्या अंगाईने कितीतरी मुले झोपली. त्या मुलांनी पुढे आपल्या मुलांना तीच अंगाई म्हटली.

१९३८ च्या ‘स्ट्रीट सिंगर’चा प्रसंग तर सांगितलाच पाहिजे. पार्श्वगायनाची सोय न्यू थिएटर्समध्ये १९३५ पासूनच झालेली होती. गाणे अगोदर ध्वनिमुद्रित करून नटाने नंतर ओठ हलविले तरी चालत होते. पण या चित्रपटातील भैरवी ठुमरी आपण रस्त्यावरून चालत, कॅमेऱ्यासमोर, प्रत्यक्षच गाणार, असा आग्रह सैगल यांनी धरला. मग ते पुढे चालत आहेत आणि मायक्रोफोन व वादक कॅमेऱ्यापलीकडून बरोबर सरकत आहेत, अशी ती ठुमरी घेतली गेली. ती नवाब वाजिद अली शाह यांची मानली जाते. इंग्रजांनी राज्य खालसा केल्यावर लखनौ सोडून जाणाऱ्या नवाबाने आपले दुःख माहेर सोडणाऱ्या नवरीच्या तोंडी घातले, असे म्हणतात. आपले राहते घर कायमचे सोडून आलेल्या माणसांना ही ठुमरी समजावून सांगण्याची गरज नाही.

बंगालीतही सैगल यांनी कीर्ती मिळविली. रवींद्रसंगीत गाणारे ते पहिले बिगरबंगाली गायक मानले जातात. १९३५ साली आशाराणी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा आणि दोन मुली. स्वभाव साधा, बोलणे मिस्कील, हात सढळ. डोक्यावरचे केस लवकर गेले म्हणून चित्रपटात टोप घालीत, पण मित्रांत त्याची लाज बाळगीत नसत.

डिसेंबर १९४१ मध्ये ते मुंबईस आले आणि दादरच्या रणजित मूव्हीटोनमध्ये दाखल झाले. ‘भक्त सूरदास’ (१९४२) आणि खुर्शीदबरोबरचा ‘तानसेन’ (१९४३) या दोन चित्रपटांनी मुंबई जिंकली. भायखळा, डोंगरी, उमरखाडी या भागांतून राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी त्यांची गाणी ऐकली ती याच काळात, बाहेर महायुद्ध चालू असताना.

आता जे लिहायचे ते दुःखाचे आहे, पण ते टाळणे बरे नाही. सैगल यांना दारूचे व्यसन होते. दारू घेतल्याशिवाय आपला सूर लागत नाही, अशी त्यांची स्वतःची पक्की समजूत झाली होती. पेटीच्या पट्टीवरून पेल्याला त्यांनी काळी पाच असे विनोदी नाव ठेवले होते. गाण्यापूर्वी एक काळी पाच, मग आणखी एक. लोकांनाही ते आवडू लागले. देवदास आणि सैगल एकच, असा समज पसरला. वास्तविक देवदासाने आयुष्यात काहीच केले नाही. सैगल यांनी पंधरा वर्षांत ३६ चित्रपट केले आणि सुमारे १८५ गाणी मागे ठेवली. दोघांत साम्य होते ते फक्त पेल्याचे, आणि लोकांनी नेमके तेच कवटाळले.

१९४६ साली ‘शाहजहान’चे संगीत नौशाद यांच्याकडे होते. नौशाद यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी. त्यांनी सैगल यांना विनंती केली की एकदा न पिता गाऊन पाहा, मग हवे तर पिऊन गा. सैगल यांनी दोन्ही प्रकारे गाऊन दाखविले. नंतर दोन्ही ध्वनिमुद्रणे ऐकविली तेव्हा न पिता गायलेले सरस ठरले. सैगल यांनी ते मान्य केले आणि तुम्ही मला आधी का भेटला नाहीत, अशी खंत व्यक्त केली. ज्यांनी वर्षानुवर्षे त्यांना वाहवा देत पेला पुढे केला, त्यांच्यापैकी कोणीही ही साधी परीक्षा करून पाहिली नव्हती. आणि ज्याने केली, तो भेटला तेव्हा शरीर पोखरून झाले होते. सैगल यांच्या आयुष्यातली खरी शोकांतिका आम्हाला या एका प्रसंगात दिसते. देणगी देवाने दिली होती, आणि ती बाटलीने दिली असे ते समजत राहिले. त्याच चित्रपटातील भग्न हृदयाचे गाणे आपल्या अंत्ययात्रेत वाजवावे, अशी त्यांची इच्छा होती असे सांगतात.

प्रकृती ढासळल्यावर ते मुंबईहून जालंदरला आपल्या घरी गेले. तेथे १८ जानेवारी १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. वयाला ४३ वर्षेही पुरी झाली नव्हती. ‘परवाना’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाला. सात महिन्यांनी देशाची फाळणी झाली. खुर्शीद पाकिस्तानात गेली, सुरैया मुंबईत राहिली, ज्या लाहोरच्या रस्त्यांवर सैगल टाइपरायटर घेऊन फिरले ते लाहोर परदेश झाले. त्यांचा आवाज मात्र दोन्हीकडे राहिला.

त्यांच्यानंतर जे मोठे झाले ते जवळजवळ सगळे त्यांच्या सावलीतून निघाले. मुकेश यांचे १९४५ सालचे ‘पहली नजर’मधील गाणे सैगल यांचेच म्हणून ऐकले गेले. किशोरकुमार त्यांना गुरुस्थानी मानीत. लता मंगेशकर सांगत की त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे मास्टर दीनानाथांच्या घरात चित्रपटाच्या गाण्यांना मज्जाव होता, पण सैगलना मुभा होती. लताबाईंनी हौसेने रेडिओ विकत घेतला आणि तो लावताच सैगल गेल्याची बातमी कानी आली, तेव्हा तो रेडिओ त्यांनी दुकानदाराला परत केला. रेडिओ सिलोनवर सकाळी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आठच्या ठोक्याआधी सैगल यांच्या गाण्यानेच संपत असे. मुंबईच्या चाळींतून त्या गाण्यावर घड्याळ लावून माणसे कामाला निघत, त्यांत आमचीही माणसे होती. १९९५ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

आपल्या नातवंडांना ही भाषा आता पुरती समजत नाही. तरी एखाद्या शनिवारी रात्री, शब्बाथ उतरल्यावर, त्यांना जवळ बसवून सैगल यांची ती अंगाई जरूर ऐकवावी आणि गाणाऱ्याची हकीकतही सांगावी. कोणाकडेही न शिकता हा माणूस किती उंच गेला, ते सांगावे. पेल्याने त्याचे काय केले, तेही लपवू नये. दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यातल्या आहेत आणि दोन्ही मुलांच्या उपयोगाच्या आहेत.

या थोर कलावंताच्या स्मृतीस आम्ही सर्वांच्या वतीने आदरांजली वाहतो.