पेशींचे प्रजासत्ताक : रूडॉल्फ फिरखो

कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिला की विटांच्या भिंतीप्रमाणे रचलेल्या पेशी दिसतात. जीवशास्त्राची ओळख बहुतेक विद्यार्थ्यांना येथून होते. सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात, पेशी हा जीवनाचा मूलभूत घटक आहे आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्माला येते, ही तीन सूत्रे पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात सामावतात. यांतील तिसरे सूत्र विज्ञानात रुजवण्याचे श्रेय जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडॉल्फ फिरखो यांना दिले जाते. रोगाचे मूळ पेशीत शोधणाऱ्या या माणसाने साथीच्या रोगाचे मूळ समाजरचनेत शोधले, आणि त्यापायी त्यांना बर्लिन सोडावे लागले.

फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतातील शिफेलबाइन या लहानशा गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील शेती करीत आणि गावच्या खजिन्याचे काम पाहत. घरची स्थिती बेताची असल्याने १८३९ मध्ये त्यांनी बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत प्रवेश घेतला. सैन्यात सेवा करण्याच्या अटीवर तेथे होतकरू मुलांना शिक्षण मिळे. विख्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर हे त्यांचे गुरू. १८४३ मध्ये पदवी मिळवून फिरखो बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात दाखल झाले आणि शवविच्छेदनाच्या टेबलाशी त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले.

१८४५ मध्ये त्यांनी एका रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशींचे प्रमाण विलक्षण वाढल्याची नोंद प्रसिद्ध केली. एडिंबरोचे जॉन ह्यूज बेनेट यांनीही त्याच वर्षी तशीच नोंद केली होती. पुढे फिरखो यांनी या विकाराला ल्यूकेमिया हे नाव दिले. पायाच्या शिरेत गोठलेल्या रक्ताचा तुकडा सुटून प्रवाहाबरोबर फुप्फुसापर्यंत जातो व तेथील रक्तवाहिनी अडवतो, हेही त्यांनी दाखवून दिले. व्हिएन्नाचे कार्ल रोकिटान्स्की हे त्या काळातील विकृतिशास्त्रातले सर्वांत मोठे नाव. रक्तद्रवातील बिघाडातून रोग उद्भवतात, या त्यांच्या उपपत्तीवर पंचविशीतील फिरखो यांनी कठोर टीका केली. १८४७ मध्ये त्यांनी बेनो राइनहार्ट या मित्रासह एक शास्त्रीय नियतकालिक सुरू केले. ते फिरखो यांच्या नावाने अजूनही प्रसिद्ध होते.

१८४८ च्या फेब्रुवारीत प्रशिया सरकारने त्यांना अप्पर सायलेशियात पाठवले. तेथील पोलिश भाषक शेतकरी आणि मजूर दुष्काळाने खचले होते. त्यातच टायफसची साथ पसरली होती. फिरखो सुमारे तीन आठवडे त्या भागात हिंडले. दमट, कोंदट झोपड्या, अपुरे अन्न, निरक्षरता आणि प्रशासनाची उदासीनता त्यांनी जवळून पाहिली. सरकारला औषधोपचारांविषयी सूचना हव्या होत्या. फिरखो यांच्या अहवालात मात्र लोकशाही, पोलिश भाषेतून शिक्षण, रस्ते, शेतीसुधारणा आणि न्याय्य करपद्धती यांची मागणी होती. या लोकांना अन्न, अक्षर आणि अधिकार मिळाल्याखेरीज साथ पुन्हा पुन्हा येत राहील, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ते बर्लिनला परतले आणि जेमतेम आठवड्याने तेथे क्रांतीचा भडका उडाला. फिरखो रस्त्यावरच्या मोर्चेबंदीत उतरले. त्यानंतर त्यांनी वैद्यकीय सुधारणांना वाहिलेले साप्ताहिक सुरू केले. क्रांती फसली. १८४९ मध्ये त्यांच्यावर शारिटेमधील पद गमावण्याची वेळ आली, साप्ताहिक बंद पडले आणि त्यांना दक्षिणेकडील व्यूर्झबुर्ग विद्यापीठाचा आश्रय घ्यावा लागला.

राजकारणापासून दूर गेलेली ही सात वर्षे विज्ञानाला मात्र फलदायी ठरली. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात पेशींचे रिकामे कप्पे पाहिले होते. वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात हे श्लायडेन यांनी १८३८ मध्ये, तर प्राण्यांचेही तसेच असते हे श्व्हान यांनी १८३९ मध्ये मांडले. पण नवी पेशी येते कोठून, या प्रश्नावर दोघेही घसरले. मिठाच्या द्रावणातून स्फटिक साकारावा तशी पेशी आकारहीन द्रवातून घडते, असे श्व्हान मानत. हे मान्य केले तर शरीरात कोठेही, कशापासूनही पेशी उपजू शकते आणि रोगाचा माग काढणे अशक्य होते. फिरखो यांनी १८५५ मधील लेखात या कल्पनेला नकार दिला. पेशी पेशीपासूनच येते आणि निरोगी पेशींप्रमाणेच रोगट पेशींचीही वंशावळ असते, असे त्यांनी ठामपणे मांडले.

या श्रेयाला एक गालबोट आहे. कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणांचे निरीक्षण करणाऱ्या रॉबर्ट रेमाक यांनी पेशी विभाजनानेच वाढतात, हा निष्कर्ष १८५२ मध्येच प्रसिद्ध केला होता. फिरखो यांनी त्यांना योग्य ते श्रेय दिले नाही. रेमाक ज्यू होते. धर्मांतरास त्यांनी नकार दिला, त्यामुळे प्रशियात पूर्ण प्राध्यापकपद त्यांना कधीच लाभले नाही. दलितपीडितांचा कैवार घेणाऱ्या फिरखो यांच्याकडून हा अन्याय व्हावा, ही त्यांच्या चरित्रातील खटकणारी बाब आहे.

१८५६ मध्ये बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलावले आणि त्यांच्यासाठी विकृतिशास्त्राची स्वतंत्र संस्था उभारली. तेथे १८५८ मध्ये त्यांनी डॉक्टरांपुढे वीस व्याख्याने दिली. ती त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि वैद्यकाची दिशा पालटली. शरीर हे एका राजाच्या हुकमतीखालचे राज्य नाही, ते पेशीरूपी नागरिकांचे प्रजासत्ताक आहे, अशी त्यांची धारणा होती. प्रत्येक पेशी स्वतःचे जीवन जगते आणि इतरांवर अवलंबूनही असते. ऊती आणि अवयव हे या सहजीवनाचे रूप, तर रोग म्हणजे त्या नागरिकांच्या जीवनात बदललेल्या परिस्थितीमुळे आलेला बिघाड.

नागरिकांच्या खऱ्या वस्तीकडेही त्यांचे लक्ष होते. १८५९ पासून मृत्यूपर्यंत ते बर्लिन नगरसभेचे सदस्य होते. १८७३ पासून आकाराला आलेल्या शहराच्या भुयारी गटार योजनेमागे त्यांचा मोठा पाठपुरावा होता. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या ट्रिकिनेला कृमींचा अभ्यास करून त्यांनी मांसतपासणीचा आग्रह धरला. प्रशियाच्या विधिमंडळात त्यांनी बिस्मार्क यांना इतके बेजार केले की १८६५ मध्ये बिस्मार्क यांनी त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखो यांनी ते नाकारले. पुढे जर्मनीतील सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांच्या, डोळ्यांच्या आणि त्वचेच्या रंगांची पाहणी त्यांनी घडवून आणली. शुद्ध जर्मन वंशाच्या कल्पनेला तिच्यातून पुष्टी मिळाली नाही.

मात्र आपल्या सिद्धांतावरील निष्ठेने काही वेळा त्यांची दृष्टी अडवली. बाळंतरोगाविषयी झेमेलवाइस यांचे म्हणणे त्यांना पटले नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये बर्लिनमध्येच क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हाही ते साशंक राहिले. जंतू शरीरात शिरला म्हणजे रोगाचे संपूर्ण स्पष्टीकरण मिळाले, हे त्यांना मान्य नव्हते. जंतूचे महत्त्व त्यांनी कमी लेखले, हे खरे. पण एकाच जंतूने एक जण आजारी पडतो आणि दुसरा का पडत नाही, हा त्यांच्या भूमिकेतील प्रश्न निरर्थक नव्हता.

जानेवारी १९०२ मध्ये विजेच्या ट्राममधून उतरताना पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते सावरले नाहीत आणि ५ सप्टेंबर १९०२ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. गाठीचा इवलासा तुकडा काढून त्यातील पेशी तपासण्याची जी पद्धत प्रत्येक मोठ्या रुग्णालयात रूढ आहे, तिच्या मुळाशी त्यांचाच विचार आहे. १९०६ मध्ये बर्लिनमध्ये त्यांच्या नावाचे महापालिका रुग्णालय सुरू झाले. १८४९ मध्ये ज्या शारिटेतून त्यांना बाहेर पडावे लागले, त्याच शारिटेचा ते रुग्णालय आता एक भाग आहे.