लोरेन हॅन्सबेरी : शेजाऱ्यांना नको असलेलं घर

लोरेन हॅन्सबेरी हे नाव आपल्याकडे बहुतेक इंग्रजी साहित्य शिकणाऱ्यांनाच माहीत असतं, तेही ‘अ रेझिन इन द सन’ या एका नाटकापुरतं. पण ते नाटक समजायचं तर तिच्या लहानपणीच्या घरापासून सुरुवात करायला हवी, असं मला वाटतं.

लोरेनचा जन्म १९ मे १९३० चा, शिकागोतला. वडील कार्ल घरं-जमिनींच्या व्यवसायात होते. त्या काळात दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं कामासाठी शिकागोत येत होती, पण राहायला त्यांना शहराचा एक चिंचोळा पट्टाच मोकळा होता. बाकी कितीतरी वस्त्यांत गोऱ्या घरमालकांनी आपसात लेखी करार केले होते : कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. १९३७ मध्ये कार्लनी अशाच एका वस्तीत घर घेतलं. लोरेन तेव्हा सात वर्षांची होती.

शेजाऱ्यांनी स्वागत कसं केलं? घरासमोर जमाव जमला. खिडकीतून वीट आत आली, लोरेन थोडक्यात वाचली. शाळेच्या वाटेवर मुलांच्या अंगावर लोक थुंकायचे. वडील खटल्यासाठी बाहेर असले की आई नॅनी भरलेलं पिस्तूल घेऊन रात्रभर घरात पहारा द्यायची.

कुटुंबाला बाहेर काढायला शेजारी कोर्टात गेले आणि इलिनॉय राज्यात जिंकलेही. १९४० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला, पण तांत्रिक मुद्द्यावर. आधीच्या ज्या खटल्यात हॅन्सबेरी नव्हतेच, त्याचा निकाल त्यांच्यावर लादता येणार नाही, एवढंच कोर्टानं ठरवलं. असे करार न्यायाचे की अन्यायाचे, याला हात लावला नाही. पुढे १९४८ मध्ये, दुसऱ्याच खटल्यात, कोर्टांनी ते अमलात आणू नयेत असा निकाल लागला. तो पाहायला कार्ल नव्हते. अमेरिकेला कंटाळून मेक्सिकोत स्थायिक व्हायच्या तयारीत असताना १९४६ मध्ये ते तिथेच वारले.

लोरेन १९५० मध्ये न्यूयॉर्कला आली, एका कृष्णवर्णीय वृत्तपत्रात काम करू लागली. मार्च १९५९ मध्ये तिचं नाटक ब्रॉडवेवर आलं. कृष्णवर्णीय स्त्रीनं लिहिलेलं ब्रॉडवेवरचं ते पहिलं नाटक. त्याचे ५३० प्रयोग झाले.

नाटकातलं यंगर कुटुंबही गोऱ्या वस्तीत घर घेतं. पण रंगमंचावर वीट येत नाही. येतो तो लिंडनर नावाचा शेजाऱ्यांचा प्रतिनिधी. तो हळू बोलतो, कुणाला शिवी देत नाही, सगळ्यांच्या भल्याचं सांगतो आणि घर जास्त किमतीला परत विकत घ्यायची तयारी दाखवतो. पहिल्यांदा वाचताना दोन-चार वाक्यं तर मला तो समजूतदारच वाटला. विटेचा मार सोसलेल्या लेखिकेनं मुद्दाम असा माणूस का लिहिला, हे मला तिथंच कळलं. वीट फेकणारा लगेच ओळखता येतो. पण वस्तीच्या करारावर सही करणारी माणसं लिंडनरसारखीच होती. त्यातला कुणीही स्वतःला वाईट समजत नसणार.

यंगर कुटुंब पैसे नाकारतं आणि सामान बांधतं. नाटक तिथं संपतं. नव्या घरात पुढे काय होणार, ते लोरेननं दाखवलं नाही. तिला ते सातव्या वर्षापासून माहीत होतं. १२ जानेवारी १९६५ रोजी कॅन्सरनं ती गेली, तेव्हा जेमतेम चौतीस वर्षांची होती.