वायरलेस टीव्हीच्या ६० गिगाहर्ट्झमागचा माणूस : जगदीशचंद्र बोस

लॅपटॉपवरचा सिनेमा हॉलमधल्या टीव्हीवर बघायचा आणि मध्ये केबल नको, हे आता आपण सगळेच करतो. कास्टचं बटण दाबलं की झालं. आतमध्ये काय होतं, तर लॅपटॉप आधी व्हिडिओ दाबून लहान करतो, वाय-फायवरून पाठवतो आणि टीव्ही तो पुन्हा उलगडतो. सिनेमासाठी एवढं पुरतं. पण त्याच टीव्हीवर गेम खेळायला बसा, माउस हलवल्यावर पडद्यावरचा बाण किंचित उशिराने हलतो. दाबायला आणि उलगडायला वेळ लागतोच ना.

मग चित्र न दाबता, आहे तसंच पाठवलं तर? हिशोब करून बघा. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला २४ बिट, सेकंदाला ६० फ्रेम. जवळजवळ ३ गिगाबिट दर सेकंदाला! २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या गर्दीत एवढा रुंद रस्ता मिळणं अवघड. म्हणून २००८ साली आलेल्या वायरलेसएचडीने आणि नंतरच्या वायगिगने सरळ ६० गिगाहर्ट्झचा पट्टा धरला. तिथे जागा भरपूर. तिथली लहर फक्त ५ मिलिमीटर लांब, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. तोटा असा की ही लहर भिंतीला अडते, माणसालाही अडते. आमच्या फ्लॅटवर एका मित्राने असला सेकंडहँड सेट आणला होता. कोणी पाणी प्यायला उठून मधून गेलं की मॅच गायब.

आता मुद्द्यावर येतो. हीच ५ मिलिमीटरची लहर कोलकात्यात एका माणसाने १८९० च्या दशकात तयार करून दाखवली होती. तेव्हा टीव्ही नव्हता, रेडिओसुद्धा नव्हता.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, मैमनसिंगचा. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते, पण मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेत घातलं. शेजारी कोळ्याचा मुलगा, दुसऱ्या बाजूला वडिलांच्या चपराशाचा मुलगा. त्या काळात साहेबी नोकरीतल्या माणसाने असं करणं सोपं नव्हतं. पुढे कोलकात्याचं सेंट झेवियर्स कॉलेज, आणि तिथे फादर लाफों. प्रयोग करून दाखवत शिकवणारे हे गुरू भेटले नसते तर बोस फिजिक्सकडे वळले असते का, शंकाच आहे. कारण १८८० मध्ये ते इंग्लंडला गेले ते डॉक्टर व्हायला. तब्येतीने साथ दिली नाही, शवविच्छेदनाच्या खोलीतला वास सोसेना, म्हणून केंब्रिजला विज्ञान शिकले. तिथे लॉर्ड रॅले शिकवायला होते.

१८८५ मध्ये परत येऊन ते प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. तिथे पगाराचा नियम असा, की भारतीय प्राध्यापकाला युरोपियनच्या दोन तृतीयांश पगार. त्यात बोस हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे तेच काम, तोच वर्ग आणि पगार एक तृतीयांश. बोसांनी काय केलं? नोकरी सोडली नाही, भांडत बसले नाहीत. तीन वर्षं रोज जाऊन शिकवलं आणि पगाराला हातच लावला नाही. वडिलांवर कर्ज होतं, १८८७ मध्ये अबला यांच्याशी लग्न झालं होतं, म्हणजे घरात पैशाची गरज नव्हती असं अजिबात नाही. शेवटी कॉलेज नमलं. कायम नोकरी, पूर्ण पगार, तोही मागच्या तारखेपासून. त्या पैशातून वडिलांचं कर्ज फेडलं.

पगार मिळाला, पण प्रयोगशाळा नव्हती. बाथरूमला लागून एक २४ चौरस फुटांची खोली मिळाली. सहा फूट बाय चार फूट, आपल्याकडे याहून मोठ्या बाल्कनी असतात. मदतीला एक पत्र्याचं काम करणारा कारागीर. १८९४ मध्ये ऑलिव्हर लॉज यांचं हर्ट्झच्या कामावरचं व्याख्यान छापून आलं, ते बोसांनी वाचलं आणि याच खोलीत काम सुरू केलं.

हर्ट्झच्या प्रयोगांत लहरी साधारण ६६ सेंटिमीटरच्या होत्या. त्यांचं परावर्तन, वक्रीभवन तपासायचं तर आरसे आणि प्रिझम अवाढव्य लागतात. बोसांनी उलटा विचार केला. उपकरणं मोठी करता येत नाहीत ना, मग लहरच लहान करू. ती लहान करत करत ते ५ मिलिमीटरपर्यंत आले. सगळं सामान टेबलावर मावायला लागलं. सामान तरी काय काय! लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्या, लहर गोळा करणारं नरसाळं, गंधकाची भिंगं. ध्रुवीकरण तपासायला त्यांनी रेल्वेचं वेळापत्रक घेतलं आणि पानापानांत कथिलाचा पत्रा घातला. पुढे पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या वापरल्या. त्या नळ्यांना आज वेव्हगाइड आणि नरसाळ्याला हॉर्न अँटेना म्हणतात, आणि अभियांत्रिकीच्या पेपरात आम्ही त्यांच्या आकृत्या पाठ करून काढतो. रेल्वेचं वेळापत्रक मात्र अभ्यासक्रमात नव्हतं.

१८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. सुमारे ७५ फुटांवर घंटी वाजली, बंदुकीची दारू पेटली, मध्ये तार नाही. वाटेत भिंती होत्या आणि लेफ्टनंट गव्हर्नर मॅकेंझी यांचा देहही होता, असं सांगतात. आमची मॅच एका मित्राने अडते, मग साहेबांनी घंटी कशी नाही अडली? कारण ठिणगीतून निघालेल्या त्या झटक्याला एकच गोष्ट सांगायची होती, आलो. वाटेत बरीचशी ताकद गेली तरी उरलेली पुरते. आपल्याला त्याच वाटेने सेकंदाला ३ अब्ज बिट बिनचूक न्यायचे असतात.

जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे सगळं मांडलं. तिथेच, त्याच काळात मार्कोनी कंपनी उभी करत होता. त्याला अंतर हवं होतं, जहाजांना संदेश हवे होते. लांब जायचं तर लांब लहरी आणि उंच अँटेना, म्हणून तो त्या दिशेने गेला. १९०१ मध्ये त्याचा संदेश अटलांटिक ओलांडून गेला. तो पकडायला जो पाऱ्याचा डिटेक्टर वापरला, त्याचं मूळ बोसांच्या १८९९ च्या शोधनिबंधात आहे असं काही अभियंते मानतात. यावर वाद आहे. पण व्हॉट्सॲपवर फिरतं तसं मार्कोनीने बोसांचा रेडिओ चोरला, हे काही मला पटत नाही. बोसांना रेडिओची कंपनी काढायचीच नव्हती. ही लहर प्रकाशासारखी वागते का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी मिळवलं होतं.

१९०१ मध्ये एका तार कंपनीचा मालक त्यांच्याकडे आला. सगळं जाहीर सांगू नका, पेटंट घ्या, नफा वाटून घेऊ, असं त्याचं म्हणणं. बोसांनी नकार दिला आणि रवींद्रनाथ टागोरांना पत्रातून हे कळवलं. पण सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी फारच आग्रह केला म्हणून एक अमेरिकन पेटंट झालं. अर्ज १९०१ चा, मंजुरी १९०४ ची. गॅलेना या शिशाच्या खनिजाचा डिटेक्टर. सेमीकंडक्टरवरच्या अगदी पहिल्या पेटंटांपैकी हे एक, आणि त्यातून बोसांनी पैसा केला नाही. मी रोज फुकटच्या ओपन सोर्स लायब्ररी वापरून पगार घेतो, त्यामुळे त्यांचा नकार मला आवडतो. पण त्याचा एक परिणामही दिसतो. ज्याच्या मागे कंपनी नाही ते उपकरण बाजारात येत नाही, आणि बाजारात नाही ते लोक विसरतात. मिलिमीटर लहरींकडे कित्येक दशकं फारसं कोणी बघितलं नाही.

स्वतः बोसही तिथे थांबले नाहीत. त्यांच्या लक्षात आलं होतं, की डिटेक्टर सतत वापरला की थकल्यासारखा वागतो आणि विश्रांती दिली की पुन्हा चालतो. धातू थकतो? या एका प्रश्नाने त्यांना वनस्पतींकडे नेलं. १९०० मध्ये पॅरिसच्या परिषदेत त्यांनी सजीव आणि निर्जीवांच्या प्रतिसादातलं साम्य मांडलं. पुढे झाडाची वाढ हजारो पट मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ बनवला. या कामावर टीका पुष्कळ झाली, काही निष्कर्ष टिकले नाहीत, पण झाडात विजेचे संकेत वाहतात हे आज मान्य आहे. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट काढली, १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी त्यांचं चरित्र आलं. लेखक पॅट्रिक गेडिस, तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक.

२३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीह इथे बोस गेले, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी. त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१२ मध्ये मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. योगायोग असा की ६० गिगाहर्ट्झच्या वायगिगचं तांत्रिक मानकही त्याच वर्षी मंजूर झालं. २०१८ पासून व्हीआर हेडसेटचे काही वायरलेस अडॅप्टर याच पट्ट्यात कॉम्प्युटरवरचं चित्र डोळ्यांसमोर आणतात. बोसांची ती मूळ उपकरणं, नरसाळं धरून, कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूटने जपून ठेवली आहेत.