हॅट, बूट आणि ऊन

युरोप-अमेरिकेत विवस्त्र राहण्याची हौस असणाऱ्या मंडळींच्या वसाहती आहेत, त्यांच्यासाठी राखून ठेवलेले समुद्रकिनारे आहेत. सगळेच काढून टाकल्यावर या लोकांत वादाला विषय तो काय उरणार, असे आपल्याला वाटते. पण उरतो, आणि तो चपलांचा आणि टोपीचा असतो. एका पक्षाचे म्हणणे, नखशिखांत म्हणजे नखशिखांत. पायात चप्पल आणि डोक्यावर टोपी ठेवली की माणूस अर्धवट नटल्यासारखा दिसतो आणि त्याचा उघडेपणा उलट जास्त डोळ्यांवर येतो. दुसरा पक्ष व्यवहारी. तापलेली वाळू, काटेकुटे आणि टक्कल यांना तत्त्व कळत नाही, असे तो म्हणतो.

या वादात साक्ष काढावी असा एक मोठा माणूस एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन. 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' या संग्रहामुळे त्याचे नाव आपल्याकडे कॉलेजात इंग्रजी घेतलेल्या बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते. पण वयाची अठ्ठावन्न वर्षे उलटल्यावर हा कवी एका ओढ्याकाठी तासन्‌तास उघडा हिंडत असे आणि तेव्हाही त्याच्या डोक्यावर रुंद काठाची जुनी गवती हॅट आणि पायात सैल बूट असत, हे फारसे कोणी सांगत नाही. त्याने स्वतः ते लिहून ठेवले आहे. त्याच्या चरित्रातला मला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच भाग.

व्हिटमनचा जन्म ३१ मे १८१९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर झाला. वडील सुतारकाम करीत, घरे बांधीत. भावंडे बरीच, पैसा बेताचा. अकराव्या वर्षी शाळा सुटली. मग वकिलाच्या कचेरीत पोऱ्या, छापखान्यात उमेदवार, खेडेगावात मास्तर, वर्तमानपत्राचा संपादक असा त्याचा प्रवास झाला. आईच्या माहेरी क्वेकर पंथाचे वळण होते. या पंथात एक जुना रिवाज होता. कोणाही माणसासमोर, मग तो न्यायाधीश असो की राजा, डोक्यावरची हॅट काढायची नाही. ती काढायची फक्त प्रार्थनेत. एलायस हिक्स या क्वेकर उपदेशकाचे भाषण व्हिटमनने दहा वर्षांचा असताना ऐकले आणि म्हातारपणी त्याच्यावर लेख लिहिला, इतके ते त्याच्या मनात राहिले. आपल्याकडे आदर दाखवायचा तर पायांतले काढतात आणि डोके झाकतात. पाश्चात्त्यांत डोक्यावरचे काढतात आणि बूट तसेच राहतात. क्वेकरांची हॅट दोन्हीपेक्षा वेगळी. ती ताठ मानेची खूण होती.

१८५५ साली व्हिटमनने आपला संग्रह स्वतःच्या खर्चाने छापला. बारा कविता, ७९५ प्रती. काही पानांचे खिळे त्याने स्वतःच्या हाताने जुळवले. मुखपृष्ठावर किंवा शीर्षकाच्या पानावर कवीचे नाव नव्हते. त्याऐवजी आत एक चित्र होते. त्यात दाढीवाला तरुण उभा आहे, कोट नाही, टाय नाही, सदऱ्याचा गळा उघडा, एक हात कमरेवर, आणि डोक्यावर कलती हॅट. त्या काळचे कवी तसबिरीसाठी गळ्यापर्यंत बटणे लावून बसत. याने बटणे सोडली आणि हॅट ठेवली. बावीस वर्षांनी ओढ्याकाठी जे घडले, त्याची सुरुवात मला या चित्रात दिसते.

कवितांमध्ये शरीराचे इतके मोकळे कौतुक होते की अनेकांना ते सोसले नाही. थोर विचारवंत इमर्सनने आधी पत्र लिहून मनापासून स्वागत केले, पण १८६० साली बॉस्टनच्या मैदानात फेऱ्या मारता मारता काही कविता वगळण्याबद्दल त्याचे मन वळवायचा प्रयत्नही केला. व्हिटमनने ऐकून घेतले आणि एकही कविता काढली नाही. १८६५ साली सरकारी कारकुनीतून त्याला काढून टाकण्यात आले, त्यालाही हे पुस्तकच कारण झाले असे मानले जाते. सुदैवाने लगेच दुसऱ्या खात्यात सोय झाली.

पण निरोगी देहाचे गोडवे गाणाऱ्या या माणसाला नियतीने दुसरेच काही दाखवायचे ठरवले होते. १८६२ च्या डिसेंबरात यादवी युद्धात भाऊ जखमी झाल्याची बातमी आली आणि व्हिटमन त्याला शोधायला निघाला. भाऊ थोडक्यात बचावला होता. पण लष्करी इस्पितळाबाहेर कापलेल्या हातापायांचा ढीग त्याने पाहिला आणि तो परतला नाही. पुढची काही वर्षे वॉशिंग्टनच्या इस्पितळांत तो जखमी शिपायांच्या उशाशी बसत राहिला. त्यांना फळे द्यायची, तंबाखू द्यायची, घरी पत्रे लिहून द्यायची. त्याच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे अशा सहाशेहून जास्त फेऱ्या झाल्या. तरुण शरीर किती लवकर मोडते हे त्याने जवळून पाहिले.

मग त्याचे स्वतःचे शरीर मोडले. २३ जानेवारी १८७३ च्या रात्री अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. वय त्रेपन्न. चारच महिन्यांनी, २३ मे रोजी, आई वारली. लग्न केले नव्हते, घर नव्हते. नोकरी सोडावी लागली. न्यू जर्सीतल्या कॅमडेन गावी भावाच्या घरी तो आश्रिताप्रमाणे राहू लागला.

अर्धांगवायू म्हणजे काय, हे मी घरात पाहिले आहे. माझ्या वडिलांची डावी बाजू गेली होती. पुढे काठी धरून ते चालू लागले, पण डाव्या पायातली चप्पल वाटेत गळून पडायची आणि ती पडल्याचे त्यांना कळायचे नाही. एकदा तर तळव्याला खडा लागून रक्त आले, ते आईला फरशीवरच्या डागांवरून समजले. शेवटी तिने चपलेला मागून नाडी बांधली. सकाळी ते अंगणात कोवळ्या उन्हात बसत तेव्हा अंगावर एक पंचा असे, पण डोक्यावर काळी टोपी असायचीच. पंचा सरकला तर त्यांना फारसे वाटत नसे. टोपी कोणी सरकवलेली मात्र चालत नसे. आजारी माणसाच्या अंगावरून एकेक गोष्ट दुसऱ्यांच्या हातांनी निघत जाते. त्यात एखादी वस्तू अशी असते की ती आपल्याच हाताने चढवायची आणि आपल्याच हाताने उतरवायची असते.

१८७६ पासून व्हिटमन कॅमडेनपासून काही मैलांवरच्या स्टॅफर्ड कुटुंबाच्या शेतावर जाऊन राहू लागला. शेताजवळून टिंबर क्रीक नावाचा ओढा वाहतो. झाडीत एक आडोशाची जागा त्याला सापडली. स्वच्छ झरा, मऊ गवत, भोवती झाडे, माणसांची वर्दळ नाही. लंगडत, थांबत तो तिथे पोचायचा, कुंपणाच्या दांडीवर कपडे टांगायचा, केसाळ ब्रशने अंग लाल होईस्तोवर घासायचा, झऱ्याच्या पाण्यात अंघोळ करायचा आणि मग उन्हात गवतावर सावकाश येरझाऱ्या घालायचा. कोवळी लवचिक झाडे धरून तो त्यांना वाकवायचा, ओढायचा. आज इस्पितळात रबरी पट्ट्या ताणून जो व्यायाम करून घेतात, त्यातलाच हा प्रकार. २७ ऑगस्ट १८७७ ची त्याची नोंद या सूर्यस्नानाबद्दलच आहे. तीत हॅट आणि बूट अंगावर राहिल्याचा उल्लेख तो अगदी सहज, जाता जाता करतो. आणखी एक तपशील त्यात आहे. दर थोड्या वेळाने तो बूटही काढायचा आणि जवळच्या काळ्या चिखलात पाय बुडवायचा.

मला वाटते, त्या वादाचे उत्तर इथेच मिळते. त्याने बूट ठेवले कारण डावा पाय भरवशाचा नव्हता. कापलेल्या गवताचे बुडखे आणि दगड यांवर एखादी ठेच त्याला पुन्हा अंथरुणाला खिळवू शकली असती. हॅट ठेवली कारण माथ्यावर ऑगस्टचे ऊन होते, आणि माझा तर्क असा की ती हॅट त्याची ओळखही होती. पण चिखलाची गरज लागली तेव्हा बूट बाजूला झाले. कशाचाही नियम त्याने केला नाही. उघडे असणे अशोभनीय नाही, माणसाची भीती आणि तिच्यामागची लपवाछपवी अशोभनीय, अशा अर्थाचा विचार त्याने त्याच नोंदीत मांडला आहे. असा विचार मांडणाऱ्या माणसाला हॅट काढून काही सिद्ध करायचे नव्हते.

त्याच्या आधी थोरोनेही असेच काही केले होते. 'वॉल्डन'चा हा लेखक १८५२ च्या उन्हाळ्यात काँकर्डजवळच्या नदीच्या पात्रातून कपडे काढून चालत जाई, डोक्यावर ऊन लागू नये म्हणून फक्त हॅट. नदीचा तळ वाळूचा आणि पाय धडधाकट, मग बूट कशाला? १८५६ मध्ये थोरो ब्रुकलिनला जाऊन व्हिटमनला भेटलाही होता. तिसरा एडवर्ड कार्पेंटर. हा इंग्रज लेखक १८७७ च्या वसंतात व्हिटमनला मुद्दाम भेटायला अमेरिकेत गेला आणि त्याचा आयुष्यभराचा भक्त झाला. कार्पेंटरचा भर पायांवर होता. अलीगढच्या कॉलेजात शिकवणाऱ्या हॅरॉल्ड कॉक्स या मित्राने त्याला काश्मिरी चपला पाठवल्या. त्या पाहून तो स्वतः चपला शिवायला शिकला आणि बंद बूट म्हणजे पायांची शवपेटी, असा प्रचार करू लागला.

याच कार्पेंटरशी पत्रव्यवहार करणारा एक माणूस आपल्या ठाण्यात राहत होता. चार्ल्स क्रॉफर्ड, मुंबई इलाख्यातला जिल्हा न्यायाधीश. विधुर, एकटा. १८९१ साली त्याने विवस्त्र राहणाऱ्यांचा एक संघ काढला. अशा संघटनांत हा पहिला ज्ञात संघ मानला जातो आणि त्याचे नाव माथेरानशी जोडलेले आहे. सभासद किती? तो स्वतः आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे, एकूण तीन. पुढे क्रॉफर्डची रत्नागिरीला बदली झाली आणि संघ मोडला. १८९४ साली तो वारला. बदलीच्या एका कागदाने गावातली भिशी, नाटकमंडळी, बुद्धिबळाचा अड्डा उठलेला मी बँकेच्या नोकरीत पुष्कळदा पाहिला आहे. या संघाचेही तेच झाले, याचे मला हसू येते आणि वाईटही वाटते. माथेरानच्या लाल मातीत आणि दगडधोंड्यांत त्या तिघांच्या पायांत काय होते, हे जाणून घ्यायला मला आवडले असते.

व्हिटमनला या ओढ्याने काय दिले, त्याचा हिशेब मात्र मांडता येतो. १८७३ साली ज्याचे आयुष्य आटोपल्यासारखे झाले होते, तो १८७९ साली रेल्वेने थेट कोलोरॅडोच्या डोंगरांपर्यंत जाऊन आला. पुढल्या वर्षी कॅनडा पाहिला. ओढ्याकाठच्या नोंदी १८८२ मध्ये 'स्पेसिमेन डेज' या पुस्तकात आल्या. त्याच वर्षी बॉस्टनच्या सरकारी वकिलाने 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' अश्लील ठरवून खटल्याची धमकी दिली, प्रकाशकाने माघार घेतली, व्हिटमन आपल्या कवितांना कात्री लावायला राजी झाला नाही. पुस्तक फिलाडेल्फियातून निघाले आणि गाजावाजामुळे तडाखेबंद खपले. त्या पैशांची भर पडून १८८४ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्याने कॅमडेनच्या मिकल स्ट्रीटवर १,७५० डॉलरला आयुष्यातले पहिले स्वतःचे घर घेतले.

१८८८ मध्ये प्रकृती पुन्हा ढासळली. चाकांच्या खुर्चीत बसवून त्याला फिरायला नेत. २६ मार्च १८९२ रोजी तो गेला. पहिल्या झटक्यानंतर तो एकोणीस वर्षे जगला. औषधांनी किती आणि उन्हाने किती, हे वजन आता कोणी करू शकणार नाही. तो स्वतः मात्र आपल्या बरे होण्याचे श्रेय पुष्कळसे त्या ओढ्याला देत असे. तिथे काय काढायचे आणि काय ठेवायचे, हे ठरवायला त्याच्याजवळ डॉक्टर नव्हता, की संघाचा नियम नव्हता. हॅट त्याची होती, पाय त्याचे होते.