हाताच्या नियमाचे फ्लेमिंग आणि काचेतला व्हॉल्व्ह

डावा हात मोटरचा की जनरेटरचा, या प्रश्नावर व्हायवात दांडी उडाली नाही असा विद्यार्थी आपल्या होस्टेलात सापडणं कठीण! ज्यांच्या नावाने हे नियम आहेत ते सर जॉन अँब्रोज फ्लेमिंग हाडाचे शिक्षक होते. विद्यार्थ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणूनच त्यांनी बोटांची ही युक्ती काढली. पण त्यांचं सर्वात मोठं काम हातात नाही, एका काचेच्या बल्बात आहे.

२९ नोव्हेंबर १८४९ रोजी इंग्लंडमधील लँकेस्टर येथे त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक, भावंडं सात, त्यात हे थोरले. नोकरी करत करत त्यांनी १८७० मध्ये लंडनची पदवी मिळवली. मग पैसे साठवून १८७७ मध्ये केंब्रिजला गेले, ते थेट मॅक्सवेल यांच्या हाताखाली. मॅक्सवेलच्या काही व्याख्यानांना वर्गात हे एकटेच असायचे!

१८८२ पासून ते एडिसनच्या लंडनमधील कंपनीचे सल्लागार होते. तेव्हाचे बल्ब आतून काळे पडत. एडिसनने बल्बात एक जादा पट्टी बसवली, तर तापलेल्या फिलॅमेंटपासून पट्टीपर्यंत मधल्या पोकळीतून करंट जाताना दिसला. फ्लेमिंगनी त्यावर बरेच प्रयोग केले, पण याचा उपयोग काय, ते कुणाला सुचेना. १८८५ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि ते बल्ब कपाटात पडून राहिले.

१८९९ पासून ते मार्कोनीचेही सल्लागार झाले. १९०१ मध्ये अटलांटिकपार गेलेल्या संदेशामागे त्यांचा ट्रान्समीटर होता, नाव मात्र मार्कोनीचं झालं. इकडे फ्लेमिंगना ऐकू कमी यायचं. वायरलेसचे संदेश कानाने टिपण्याऐवजी गॅल्व्हानोमीटरच्या काट्यावर दिसावेत, असं त्यांना वाटे. पण इतक्या वेगाने दिशा बदलणाऱ्या करंटवर काटा हलणार कसा? करंट एकाच दिशेने जायला हवा. १९०४ मध्ये त्यांना कपाटातले ते जुने बल्ब आठवले! मधे फिलॅमेंट, भोवती धातूचं नळकांडं, बाहेर काच. तोच पहिला डायोड. पाण्याच्या झडपेसारखा एकेरी, म्हणून नाव व्हॉल्व्ह.

अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये फिलॅमेंट आणि प्लेटच्या मधे एक वेडीवाकडी तार घातली. ती ग्रिड. झाला ट्रायोड. फरक दिसायला एका तारेचा, पण ग्रिडवरच्या बारीकशा व्होल्टेजने प्लेटचा मोठा करंट कमी-जास्त करता येतो. डायोडला हे कधीच जमत नाही. ॲम्प्लिफायर इथेच जन्मला. यावरून दोघांत कायमचं वैर आलं. १९१६ मध्ये अमेरिकन कोर्टाने फ्लेमिंग यांच्या पेटंटचा भंग झाल्याचं ठरवलं. फ्लेमिंगनी डी फॉरेस्टचं श्रेय कधी मनापासून मानलं नाही. आपल्या आवडत्या गुरुजींचं इथे चुकलंच, असं म्हणावं लागेल.

पुढे त्याच काचेत बरंच काही भरलं गेलं. कॅथोड वेगळा, हीटर वेगळा. फिलिप्सच्या टेलेजेन यांनी १९२६ मध्ये तीन ग्रिडचा पेंटोड केला. नेटवर्क थिअरीतले टेलेजेन, तेच हे. नागपूर आकाशवाणी १९४८ मध्ये सुरू झाली, त्या काळात अमरावती-अकोल्याच्या घरांतले रेडिओ व्हॉल्व्हचेच होते. सेट लावला की व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहायची! असा जुना सेट हाती लागला तर प्लग काढून आत बघा. ईसीसी८३ मध्ये एकाच काचेत दोन ट्रायोड शेजारी-शेजारी दिसतील, ईएल८४ मध्ये एक पेंटोड. काचेवरचा चंदेरी डाग म्हणजे उरलीसुरली हवा शोषणारा गेटर. तो पांढरा पडला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला.

व्हॉल्व्हचं पेटंट कंपनीकडे गेलं, फ्लेमिंगना त्यातून संपत्ती मिळाली नाही. १९२९ मध्ये 'सर' किताब मिळाला. १९३३ मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, या कमी ऐकणाऱ्या माणसाने एका गायिकेशी लग्न केलं! १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं पेटंट रद्द ठरवलं, तेव्हा ते त्र्याण्णव वर्षांचे होते. १८ एप्रिल १९४५ रोजी त्यांचं निधन झालं. पेटंट गेलं, पण आजही आपण डायोडचं चिन्ह काढतो तेव्हा त्यांनी दाखवलेली एकेरी वाटच काढत असतो.