धुराच्या राखणदारामागचा शास्त्रज्ञ

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात जुन्या मंदिरांचे दगड शेकडो वर्षे जागेवर उभे आहेत. तिथल्या घरांच्या छताला धुराचा अलार्म मात्र सहसा दिसत नाही. अशा गावातल्या आईवडिलांची त्याच्याशी पहिली गाठ पडते ती परदेशातल्या मुलाच्या घरी. फोडणी जरा करपली, की छतावरची बशीएवढी पांढरी डबी कर्कश ओरडू लागते. या डबीच्या जुन्या आणि सर्वाधिक पसरलेल्या प्रकारात अमेरिशियम नावाच्या किरणोत्सारी मूलद्रव्याचा कण असतो. ते शोधणाऱ्या चमूचे प्रमुख होते ग्लेन सीबॉर्ग.

सीबॉर्ग यांचा जन्म १९ एप्रिल १९१२ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, इशपेमिंग या खाणींच्या गावी झाला. घरात स्वीडिश भाषा बोलली जाई. ते दहा वर्षांचे असताना कुटुंब कॅलिफोर्नियात आले. वडील यंत्रकामगार होते, पण नव्या ठिकाणी त्यांना नियमित काम मिळेना. शाळेत रसायनशास्त्राचा एक चांगला शिक्षक भेटला आणि मुलाची वाट ठरली. मिळेल ते काम करत त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि १९३७ साली बर्कले येथून पीएच.डी. मिळवली.

पुढच्याच वर्षी त्यांनी जॉन लिव्हिंगूड यांच्यासोबत आयोडीन-१३१ शोधले. थायरॉइडच्या रुग्णांना आजही हे औषध दिले जाते. सीबॉर्ग यांच्या आईलाही थायरॉइडचा विकार होता आणि पुढे तिच्यावर याच आयोडीनचा उपचार झाला.

१९४१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्लुटोनियम शोधले. दुसऱ्या महायुद्धात ते शिकागोच्या गुप्त प्रयोगशाळेत प्लुटोनियम वेगळे काढण्याच्या कामावर होते. नागासाकीवर पडलेला बॉम्ब प्लुटोनियमचाच होता. जपानवर बॉम्ब टाकण्याआधी त्याचे प्रात्यक्षिक जगाला दाखवावे, असे सुचवणाऱ्या जून १९४५ च्या अहवालावर सीबॉर्ग यांची सही होती. सरकारने ते ऐकले नाही.

याच प्रयोगशाळेत १९४४ च्या अखेरीस ९५ क्रमांकाचे मूलद्रव्य, म्हणजे अमेरिशियम सापडले. युद्ध संपेपर्यंत ते गुप्तच राहिले. नोव्हेंबर १९४५ मध्ये सीबॉर्ग मुलांच्या एका रेडिओ कार्यक्रमात गेले होते. नवी मूलद्रव्ये सापडली आहेत का, असे एका मुलाने विचारले आणि त्यांनी खरे ते सांगून टाकले. शास्त्रज्ञांच्या सभेतली अधिकृत घोषणा त्यानंतर काही दिवसांनी झाली.

१९५१ साली त्यांना एडविन मॅकमिलन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९६१ ते १९७१ या काळात ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. आपल्या तारापूर प्रकल्पाचा अमेरिकेशी करार याच काळात, १९६३ साली झाला. त्याच्या आदल्या वर्षी आयोगाने अमेरिशियम विक्रीला ठेवले होते, ग्रॅमला १५०० डॉलर दराने. एका अलार्मला ग्रॅमचा तीस लाखावा भाग पुरतो, त्यामुळे ते घरोघरी पोहोचू शकले.

डबीचे काम साधे आहे. अमेरिशियममधून निघणारे अल्फा कण दोन पट्ट्यांमधल्या हवेला विद्युतभारित करतात आणि अगदी क्षीण प्रवाह वाहू लागतो. धुराचे कण आत शिरले, की हा प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. अल्फा कण काही सेंटिमीटर हवेतच थांबतात, त्यामुळे बंद डबीपासून घरच्यांना धोका नसतो.

अमेरिशियम निम्मे व्हायला सुमारे ४३२ वर्षे लागतात. त्यामुळे अलार्म पिढ्यान्‌पिढ्या चालेल असे वाटते, पण तसे नाही. आत धूळ साचते, किडे शिरतात, सर्किट गंजते. म्हणून उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षांनी अलार्म बदलावा, असे अग्निसुरक्षा तज्ज्ञ सांगतात. ही तारीख डबीच्या मागे छापलेली असते. बसवल्याची तारीख धरू नये, कारण डबी दुकानात काही काळ पडून राहिलेली असू शकते. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज तपासावा. मात्र त्यातून भोंगा आणि बॅटरी ठीक असल्याचे कळते, जुना झालेला संवेदक धूर वेळेवर ओळखेल याची खात्री मिळत नाही. थोड्या थोड्या वेळाने होणारी टिकटिक ही बहुधा बॅटरी संपत आल्याची खूण असते. ती नकोशी झाली म्हणून बॅटरी काढून ठेवणे म्हणजे राखणदाराला झोपवणे.

नव्या अलार्ममध्ये बहुधा प्रकाशकिरणाने धूर ओळखतात. गादी किंवा वायर धुमसत असेल, तर हा प्रकार लवकर जागा होतो. जुना अमेरिशियमचा अलार्म झपाट्याने भडकणाऱ्या आगीला लवकर ओळखतो. घरी असो, सोसायटीत असो वा कार्यालयात, असा जुना अलार्म फोडू नये, जाळू नये, भंगारात देऊ नये. तो विक्रेत्याकडे किंवा उत्पादकाकडे परत द्यावा.

सीबॉर्ग २५ फेब्रुवारी १९९९ रोजी वारले. त्याआधी, ते हयात असतानाच १०६ क्रमांकाच्या मूलद्रव्याला सीबॉर्गियम हे नाव मिळाले होते. ते प्रयोगशाळेबाहेर कुठे आढळत नाही. अमेरिशियम मात्र अजूनही लाखो घरांच्या छताला आहे. परदेशातल्या मुलांशी पुढच्या वेळी फोनवर बोलताना, डबीच्या मागची तारीख पाहायला जरूर सांगावे.