एका शब्दाची फट

बारावीनंतर दोन वर्षे मी वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिली. दोन्ही वेळा गुण कमी पडले आणि मी कलाशाखेत आले. आज हे लिहिताना संकोच वाटत नाही; प्रथम वर्षात मात्र कुणी विचारले की मी विषय बदलत असे. त्याच दिवसांत ग्रंथालयात एलिझाबेथ गॅरेट अँडरसन हे नाव भेटले.

तिचा जन्म १८३६ साली लंडनमध्ये झाला. वडील न्यूसन गॅरेट सफोकमधल्या ऑल्डबरो या समुद्रकाठच्या गावी व्यापारात चांगलेच वर आले होते. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविलेल्या एलिझाबेथ ब्लॅकवेल यांची व्याख्याने तिने १८५९ मध्ये ऐकली आणि डॉक्टर व्हायचे ठरवले. वडिलांना ही कल्पना प्रथम किळसवाणी वाटली. पुढे हेच वडील तिच्यासाठी कोर्टाची पायरी चढायला निघाले.

१८६० मध्ये ती मिडलसेक्स रुग्णालयात परिचारिका म्हणून शिरली. हळूहळू व्याख्यानांनाही बसू लागली आणि अभ्यासात पुढे गेली. मग विद्यार्थ्यांनीच तिच्याविरुद्ध अर्ज केला आणि तिला बाहेर पडावे लागले. विद्यापीठांचे नकार तर एकामागून एक आले.

उरली अपॉथिकरीज सोसायटी, म्हणजे औषधी देणाऱ्यांची जुनी संस्था. १८१५ च्या कायद्याने तिला परवाना देण्याचा अधिकार होता, आणि इंग्लंडमधले गावोगावचे साधे डॉक्टर बहुधा याच परवान्यावर व्यवसाय करीत. त्यासाठी पाच वर्षे उमेदवारी, ठरावीक विषयांची व्याख्याने, रुग्णालयातील अनुभव आणि शेवटी परीक्षा द्यावी लागे. नियमांत शब्द होता ‘व्यक्ती’; ‘पुरुष’ असे लिहायचे कुणाला सुचलेच नव्हते! तेवढ्या फटीतून ती आत गेली. वर्ग बंद होते, म्हणून मान्यताप्राप्त शिक्षकांना वेगळी फी देऊन तिने खाजगी शिकवण्या घेतल्या. (पैसा नसता तर? हा प्रश्न मला सोडत नाही. वडील श्रीमंत होते, हे तिच्या कथेतून वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल.) ऐन परीक्षेच्या वेळी संस्था कचरली, तेव्हा न्यूसनसाहेबांनी खटल्याची धमकी दिली. २८ सप्टेंबर १८६५ रोजी ती उत्तीर्ण झाली, तीही सर्वांत जास्त गुणांनी. त्यानंतर संस्थेने खाजगी व्याख्याने चालणार नाहीत असा नियम करून ती फट बुजवून टाकली.

पुढचे थोडक्यात सांगते. १८६६ मध्ये तिने गरीब स्त्रियांसाठी दवाखाना काढला. १८७० मध्ये पॅरिसला जाऊन, फ्रेंचमधून परीक्षा देऊन, एम.डी. मिळविली. १८७३ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने तिला सभासद करून घेतले आणि १८७८ मध्ये इतर स्त्रियांना दार लावले. एकोणीस वर्षे ती तिथे एकटीच होती. स्त्रियांसाठी लंडनमध्ये १८७४ साली वैद्यकीय विद्यालय निघाले, त्याची ती १८८३ ते १९०३ अधिष्ठाता होती. १९०८ मध्ये ती ऑल्डबरोची महापौर झाली आणि १९१७ मध्ये तिथेच वारली.

तिच्या कारकिर्दीतच आपल्या मुंबईच्या रखमाबाई त्या विद्यालयात शिकल्या आणि परत येऊन सुरत-राजकोटकडे त्यांनी वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली. रखमाबाईंविषयी मी शाळेत असतानाच वाचले होते. त्या पुस्तकात एलिझाबेथचे नाव असेलही. माझे लक्ष तेव्हा गुणांच्या टक्केवारीकडे होते.